सासूबाईंची घंटा आणि माझा जावईशोध

जावईशोध हा शब्द ज्या कोणी पहिल्यांदा उच्चारला, त्याच्या घरात माझ्यासारखाच एखादा जावई वावरत असणार. बाकीचे जावई निदान फावल्या वेळात शोध लावतात. मला त्याचा पगार मिळतो. आमच्या शहराच्या वस्तुसंग्रहालयात, तळघरातल्या एका लांबोळक्या खोलीत बसून मी धातूच्या जुन्या वस्तू तपासतो. ही सुरई कधीची, हे कुलूप कुठून आलं, या तलवारीची मूठ तिची स्वतःची की दुसरीची उसनी, हे सांगायचं काम. खोलीत एक सूक्ष्मदर्शक आहे, मेणाचे डबे आहेत, कापसाच्या बोळ्यांची बरणी आहे आणि दात घासायच्या मऊ ब्रशांचा एवढा साठा आहे की नवख्या माणसाला वाटावं, इथे कुणी मगरी पाळल्यात.

लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं होतं, "तुम्ही कामावर जाता म्हणजे नक्की करता काय?" मी तरुण होतो, सविस्तर सांगितलं. गंज दोन प्रकारचा असतो, एक धातूला खातो आणि एक धातूला जपतो, इथपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून सासऱ्यांना सांगितलं, "अहो, भांडी घासतात." त्यानंतर माझी बढती झाली, केस गेले, परिसंवादांतून फुलांचे गुच्छ मिळाले, पण त्या घरात माझा हुद्दा काही बदलला नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

खरं सांगायचं तर माझ्या कामातला मोठा वेळ लोकांचा हिरमोड करण्यात जातो. कुणी पणजोबांची राजमुद्रा म्हणून रुमालात गुंडाळून काही आणतो, ते कोटाचं बटण निघतं. कुणी समुद्रातून वर आलेलं भांडं आणतो, ते समुद्रात कुणीतरी मागच्या वर्षी टाकलेलं असतं. अशा वेळी तोंडावर 'नाही' म्हणवत नाही, म्हणून मी एक वाक्य तयार ठेवलंय: "वस्तू छान आहे. जपून ठेवा." या वाक्याचा खरा अर्थ माणूस जिना चढून रस्त्यावर पोचल्यावरच त्याच्या लक्षात येतो. तोवर मी दार लावून घेतलेलं असतं.

या वाक्याचा सर्वांत जास्त मारा झाला तो माझ्या मेहुण्यावर. बायकोचा धाकटा भाऊ, फर्निचरचं दुकान चालवतो, स्वभावाने लाख माणूस. पण 'जुनं ते सोनं' या म्हणीवर त्याचा शब्दशः विश्वास. माळ्यावरची कोळशाची इस्त्री आणून झाली, काच फुटलेला कंदील आणून झाला, एका पारड्याचा तराजू आणून झाला. एकदा तर त्याने स्वतःच्याच दुकानातल्या कपाटाची कडी आणली, कारण ती कुठून आली ते तो विसरला होता. "भाऊजी, हिच्यात काहीतरी आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "वस्तू छान आहे." तो म्हणाला, "जपून ठेवतो."

मग सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आला आणि आयुष्यभर दुसऱ्यांना उठवणारी बाई पडून राहिली. हाका मारून मारून त्यांचा घसा बसला, तेव्हा माझ्या बायकोला माळ्यावरची जुनी घंटा आठवली. वीतभर उंचीची, पिळाच्या मुठीची, पोटावर दोन उभारलेल्या वळ्या असलेली. मेहुण्याच्या बायकोने ती पांढऱ्या पावडरीने घासून लखलखीत केली आणि सासूबाईंच्या उशाशी ठेवली. त्या दिवसापासून घराला नवं सरकार मिळालं. एकदा वाजली तर पाणी. दोनदा वाजली तर आधार द्यायला या. वाजतच राहिली तर कुणीतरी टीव्हीवरची मालिका बदलली आहे, ती परत लावा.

आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. माझ्या पायातून बूटही निघाले नव्हते तेवढ्यात मेहुण्याने ती घंटा उचलून माझ्या नाकासमोर धरली.

"भाऊजी, हिच्याबद्दल बोला."

मी ती हातात घेऊन उभ्या उभ्या आत डोकावलो. लोलक, म्हणजे आतला वाजणारा गोळा, एका चकचकीत स्क्रूला लटकत होता. स्क्रू सरळसरळ कारखान्यातला. वळ्यांच्या खाचांत पावडर वाळून बसलेली. रंग पिवळा, पितळेसारखा. मी एवढंच पाहिलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

"पन्नास वर्षांची असेल. फार तर साठ. वस्तू छान आहे, जपून ठेवा."

पलंगावरून आवाज आला, "माझ्या आजोबांना जहाजाच्या कप्तानाने दिलीय ती."

"आई, प्रत्येक घरात एक कप्तान असतोच," मी म्हणालो. मला ते तेव्हा फार चतुर वाटलं होतं.

"माझं वय काय?" त्यांनी विचारलं.

"ऐंशीच्या पुढे."

"मी परकर नेसत होते तेव्हा ही घंटा घरात होती. मग ती माझ्याहून लहान कशी?"

यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी समजावून सांगायला लागलो. आठवण हा पुरावा नसतो, एक घंटा हरवून दुसरी आलेली असू शकते, माणूस दोन्हींना एकच समजतो, असं बरंच. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ते व्याख्यान तरीही संपवलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं. तुम्ही भांड्यातले जाणकार," आणि घंटा माझ्या हातातून काढून उशाशी ठेवली.

आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत असताना ती वाजली. चहात साखर कमी होती, एवढंच कारण. पण माझा कप ओठांशी थांबला. पितळ असं वाजत नाही. पितळ वाजतं आणि गप्प होतं. हा आवाज मात्र संपतच नव्हता. भिंतींना टेकत, दारातून वळत स्वयंपाकघरात आला, माझ्याभोवती फिरला, आणि विरला म्हणेपर्यंत त्याचं शेपूट अजून कानात होतं. इतका लांब आवाज कासं देतं. तांब्यात भरपूर कथील घालून ओतलेलं जुन्या पद्धतीचं कासं. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' या म्हणीत कथलाची हेटाळणी आहे. पण घंटेला गळा मिळतो तो कथलामुळेच. हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवतो. तरीही तिथे बसून मी मनाशी म्हणालो, खोलीच तशी असेल. पुढची खोली घुमते.

परतताना गाडीत बायकोने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' म्हणजे काहीतरी चुकलंय."

मी खिडकीची काच खाली केली आणि बाहेरच्या रहदारीत फार रस असल्यासारखं दाखवलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटाच गेलो. सोबत फळांची पिशवी होती आणि फळांच्या खाली भिंग, विजेरी, लोहचुंबक, लहान पाना. "आई, तुम्हाला बघायला आलो," मी म्हणालो.

"मला बघायला विजेरी कशाला लागते?" पिशवीतून ती डोकावत होती.

घंटा तासाभरासाठी तळघरात नेतो, अशी विनवणी केली. त्यांनी साफ नकार दिला. मग इथेच खिडकीशी टेबलावर बघतो म्हटलं. तेही नाही. "मध्येच मला पाणी लागलं तर? बघायचं तर इथे बघा. पण मूठ मी सोडणार नाही." शेवटी ठरलं ते असं: त्या उशीला टेकून बसल्या, हात लांब करून घंटा हवेत धरली, आणि मी पलंगाशेजारी चटईवर उताणा पडून, तोंडात विजेरी धरून, घंटेच्या आत बघू लागलो. माझ्या क्षेत्रातले लोक मला परिसंवादांत पहिल्या रांगेत बसवतात, हे इथे नमूद केलेलं बरं.

पाना लावला की घंटा वाजायची. वाजली की मेहुणा धावत यायचा.

"काय हवंय आई?"

"काही नको. जावई तपासतायत."

तो माझ्या पायांवरून उडी मारून परत जायचा.

स्क्रू सुटला तेव्हा वर, घंटेच्या टाळूत, एका जाड लोखंडी कडीचं झिजून तुटलेलं बूड दिसलं. मूळ लोलक त्या कडीला असणार. कडी तुटल्यावर कुणीतरी भोक पाडून स्क्रू बसवला होता.

"हा स्क्रू कुणी घातला?" मी खालून विचारलं.

"कोण घालणार? ह्यांनी!" सासूबाई म्हणाल्या. माझे सासरे आता नाहीत. पण ते होते तेव्हा त्या घरात मोडलेली कोणतीही गोष्ट स्क्रूविना राहिली नाही. खुर्च्यांना स्क्रू, चष्म्याला स्क्रू, छत्रीच्या दांड्याला स्क्रू. एकदा चपलेचा अंगठाही त्यांनी स्क्रूने बसवला होता, आणि दिवसभर लंगडत का होईना, पण ती घातली होती. मी चटईवर पडल्या पडल्या डोळे मिटले. पन्नास वर्षं, फार तर साठ. अगदी बरोबर सांगितलं होतं मी. फक्त ते वय घंटेचं नव्हतं, सासऱ्यांच्या स्क्रूचं होतं.

डोळे उघडले तर पुढचा पुरावा नाकासमोरच होता. यंत्रावर कातलेल्या घंटेच्या आत सारख्या अंतराची, रेखीव वर्तुळं असतात. इथे ओबडधोबड, वरखाली झालेल्या रेघा होत्या. मातीच्या साच्यावर लाकडी फळी हाताने फिरवली की अशा उमटतात. मग मी स्क्रू परत बसवला, विजेरी बाहेरून, अगदी पोटाला टेकवून तिरपी धरली, आणि दोन वळ्यांच्या मधली जी नक्षी मला वाटली होती तिच्या सावल्या पडल्या. ती नक्षी नव्हती. अक्षरं होती. पुसट, आणि उलटी. आरशात दिसावीत तशी.

"आई, तुमचा आरसा द्या."

"आता आरशात काय बघताय? आहे ते आहे."

त्यांच्या हातआरशात मी ती अक्षरं वाचली. एक नाव होतं, अर्धं झिजलेलं. बहुधा ओताऱ्याचं, म्हणजे घंटा ओतणाऱ्याचं. साल नव्हतं; साल असतं तर माझं काम सोपं झालं असतं, आणि सोपं काम माझ्या वाट्याला येत नाही.

आता आत काय आहे ते पाहायला क्ष-किरण हवे होते. संग्रहालयाचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. पण माझा थोरला भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे आणि त्याच्या दवाखान्यात यंत्र आहे. सासूबाईंनी अट घातली, "घंटा जाईल तिथे मी जाणार." त्यांच्या डॉक्टरांनीही म्हटलं, खुर्चीतून थोडं बाहेर न्या, बरं वाटेल. म्हणून एका सकाळी मी, बायको, चाकांच्या खुर्चीतल्या सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली घंटा, असा लवाजमा दादाच्या दवाखान्यात दाखल झाला.

बाकावर गर्दी होती. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेला एक खिन्न कुत्रा, पिशवीतून डोकं काढून सगळ्यांचा तिरस्कार करणारं मांजर, पिंजऱ्यात पोपट. शेजारच्या बाईंनी शालीकडे बघत मायेने विचारलं, "तुमच्याकडे कोण आहे?"

"घंटा," सासूबाई म्हणाल्या.

बाईंना ते नाव वाटलं असावं. "काय होतंय तिला?"

"तिला काही होत नाहीये. ह्यांना तिचं वय कळत नाहीये." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि खात्रीसाठी घंटा वाजवून दाखवली. दवाखान्यातले सगळे कुत्रे एकदम भुंकायला लागले, पोपटाने पंख फडफडवले, आणि आतून दादा ओरडला, "तो माझा भाऊ असेल तर त्याला आधी आत घ्या!"

पहिलं चित्र पांढरंफेक आलं. "उकडलेल्या अंड्यासारखं आलंय," दादा म्हणाला. "तुझा पेशंट फार जाड आहे. किरण दोन भिंती ओलांडून जात नाहीत." मी सूत्रं मांडायला लागलो. तेवढ्यात त्यालाच सुचलं की कुत्र्यांच्या दातांचं चित्र काढायला जी इवलीशी पट्टी असते ती घंटेच्या आतच ठेवली, तर किरणांना एकच भिंत ओलांडावी लागेल. आम्ही दोघा भावांनी मिळून पट्टी टाळूपर्यंत सरकवली, सगळ्यांना बाहेर काढलं, यंत्राचा जोर वाढवला आणि श्वास रोखला. दादाने सवयीने घंटेला "हलायचं नाही हं" म्हटलं.

या वेळी दिसलं. घंटेच्या टाळूत पुरलेली लोखंडी कडी, तिची टोकं माशाच्या शेपटीसारखी ठोकून फाकवलेली, हातघडीचं लोहारकाम. वरच्या अंगाला हवेचे बारीक बुडबुडे जमलेले, म्हणजे तोंड खाली ठेवून ओतलेली. आणि खांद्यापासून खाली उतरणारी केसासारखी एक रेघ; आरपार गेली नव्हती, म्हणूनच आवाज शाबूत होता.

"फ्रॅक्चर," दादा म्हणाला. "जुनं आहे, पण हिला आता आराम सांगायचा."

"म्हणजे माझ्यासारखंच," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वय किती निघालं?"

"दोनशे वर्षांच्या वर. कदाचित तीनशे."

"आणि साठ वर्षं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"नीट ऐकू आलं नाही."

"मी म्हणालो होतो, आई."

नरसाळंवाल्या कुत्र्याने दारातून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत मला पहिल्यांदाच सहानुभूती दिसली.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एकदा तोंडघशी पडलेल्या माणसाला लगेच दुसऱ्यांदा धावायची घाई असते. त्या आठवड्यात सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले, तेव्हा मी उलट्या अक्षरांचं कोडं उलगडून सांगितलं. मातीच्या साच्यात अक्षरं उलटी दाबली तर घंटेवर सुलटी उमटतात. ज्याने दाबली त्याला वाचता येत नसणार; त्याने सुलटी दाबली. म्हणजे तो कोवळा, निरक्षर, काम शिकायला ठेवलेला उमेदवार असणार. घंटा बाहेर आल्यावर मालकाने कपाळावर हात मारला असेल. असली घंटा मोठ्या गिऱ्हाइकाला देता येईना, म्हणून ती कुणा साध्या माणसाला दिली असेल. बोलता बोलता मी रंगलो. मालकाने त्या पोराला चारचौघांत थोबाडीत मारली, इथपर्यंत गेलो. बायकोचे डोळे भरून आले. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, हे सगळं लिहून काढा, आपण दुकानात चौकटीत लावू."

"तुम्ही होता का तिथे?" सासूबाईंनी पुढच्या खोलीतून विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

घंटेचं मूळ गाव कळावं म्हणून मी अक्षरांचे फोटो आणि आतून खरवडलेली चिमूटभर धूळ माझ्या एका जुन्या सहकारी बाईंकडे पाठवली होती. पूर्वी त्या माझ्या हाताखाली होत्या. "घाई करू नकोस, आधी पुरावा, मग तोंड" हे वाक्य त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की एकदा वाढदिवसाला त्याचा फलक करून मलाच भेट दिला. आता त्या दुसऱ्या शहरात असतात आणि घंटा हाच त्यांचा विषय आहे. त्यांचा फोन आला तेव्हा मी आधी माझा उमेदवार, त्याची चूक, ती थोबाडीत, सगळं ऐकवलं.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमच्या घंटेच्या आणखी तीन बहिणी सापडल्यात. तिघींवर अक्षरं उलटीच आहेत."

"तिन्ही त्याच पोराच्या असतील."

"पहिली आणि शेवटची यांच्यात एका माणसाचं अख्खं आयुष्य सरेल एवढं अंतर आहे. तुमचा पोरगा म्हातारा होईपर्यंत चुकतच राहिला का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या कानालाही तेच ऐकू आलं. घंटा सुमारे तीनशे वर्षांची. आमच्या शहरातल्या नदीच्या वरच्या अंगाला वळणावर जे गाव आहे, तिथल्या एका ओतशाळेतली. धातूंचं प्रमाण तिघींशी जुळतं, वळ्याही त्याच.

"मग अक्षरं उलटी का?" मी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"काहीतरी अंदाज?"

"घाई नको करायला," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मीही हसलो, जरा उशिरा.

घरी हे सांगणं माझ्याच वाट्याला आलं. मेहुणा खट्टू झाला. चौकट त्याने तयारही केली होती, सागवानी. बायकोने विचारलं, "म्हणजे त्या पोराला कुणी मारलं नाही ना?"

"तो पोरगा नव्हताच."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि तिचं जे ओझं उतरलं ते पाहून मला माझ्या कल्पनाशक्तीची लाज वाटावी की अभिमान, तेच कळेना. सासूबाईंचा कप्तान मात्र मागे हटला नाही. मी म्हटलं, "आई, घंटा नदीकाठच्या गावातली आहे, समुद्रावरची नाही." त्या म्हणाल्या, "नदी शेवटी जाते कुठे?" मी म्हटलं, "असेल, कप्तानही असेल." त्यांनी मान हलवली; मास्तरांनी मठ्ठ मुलाला एक गुण द्यावा तशी.

खरी पंचाईत पुढेच होती. भेग होती, म्हणजे घंटा वाजवणं बंद व्हायला हवं होतं. हे त्या बाईला सांगायचं कसं? मी दोनदा पलंगाशी जाऊन हवापाण्यावर बोलून परत आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "बोला, तोंडात काय अडकलंय?"

मी सांगितलं. त्या चिडल्या. "मोडलेलं हाड घेऊन मला मात्र चालायला लावता, आणि हिला आराम!"

मेहुण्याने विजेवरची घंटा आणली. बटण दाबलं की कोणत्यातरी अज्ञात पक्ष्यासारखी ओरडायची. सासूबाईंनी ती एकदा दाबली, चेहरा वाकडा केला आणि पलंगाखाली ढकलून दिली. तिथून ती दोन दिवस मधूनमधून आपोआप ओरडत राहिली. अखेर त्यांनीच तोडगा काढला. "मी उभी राहून दारापर्यंत चालत गेले की घंटा तुमच्या संग्रहालयाला. तोवर मी तिला नखाने वाजवीन."

आणि खरोखरच त्या नखाने टिचकी मारायच्या. तो एवढासा आवाज घरभर पोचायचा, कारण एव्हाना सगळ्यांचे कान त्याच्याकडे लागलेले असायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी आधी त्यांच्यापुढे हात टेकायची. आता तिलाच त्यांना "आजी, आज एवढंच पुरे" असं आवरावं लागायला लागलं. सुरुवातीला पलंगाच्या कडेला बसणं, मग वॉकर धरून उभं राहणं, मग दोन पावलं आणि भरपूर शिव्या. शिव्यांमध्ये वस्तुसंग्रहालयाचा उल्लेख बरेचदा असायचा. ज्या दिवशी त्या दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या, त्या दिवशी मी तिथे होतो. त्यांचा श्वास फुलला होता. "न्या," त्या म्हणाल्या, "आणि परत घासू नका तिला. एकदा घासली तेवढी पुरे." मला काहीतरी छान बोलायचं होतं, पण माझ्याकडचं छान वाक्य एकच आहे, आणि ते मी मोठ्या कष्टाने गिळलं.

तळघरात नेल्यावर वरिष्ठांनी विचारलं, हा अलीकडचा स्क्रू काढायचा का, मूळ वस्तूत तो शोभत नाही. मी म्हटलं, दुरुस्तीही वस्तूच्याच आयुष्याचा भाग असते. हे आमच्या शास्त्राचं तत्त्व आहे, मी ते सासऱ्यांच्या प्रेमापोटी बनवलेलं नाही. पण त्या दिवशी ते तत्त्व मी जरा जास्तच जोरात मांडलं, एवढं खरं. पाटीवर तशी ओळ लिहिली: लोलकाचा स्क्रू ही घरगुती दुरुस्ती. अक्षरं उलटी, कारण अज्ञात.

मग एका दुपारी सासूबाई वॉकर टेकत दालनात आल्या. काचेसमोर उभ्या राहून त्यांनी पाटी वाचली. स्क्रूच्या ओळीवर त्यांचं बोट काचेला टेकलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. पहारेकऱ्याने "आजी, काचेला हात नको" म्हटलं, तेव्हा मी त्याला डोळ्यांनी दटावलं. माझ्या नोकरीत माझी नजर कुणी मानल्याचा तो पहिलाच प्रसंग.

मला वाटलं, आता घरी जाऊ म्हणतील. पण वॉकर पुढच्या कपाटाकडे वळला. त्यात काशाची एक रुंद, भोकाभोकांची थाळी आहे. तिचा उपयोग काय, ते आजवर कुणाला कळलेलं नाही, आणि पाटीवरही तसंच लिहिलंय. सासूबाईंनी ती पाहिली. शेजारी एक पर्यटक बाई वही घेऊन उभ्या होत्या.

"ही पाय शेकायची," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "खाली निखारे, वर पाय. जहाजावर थंडी असते ना, कप्तान लोक वापरायचे."

बाईंनी लिहून घेतलं. माझ्याच्याने राहवेना. पुढे होऊन मी म्हटलं, "माफ करा, पण याला काही पुरावा नाही. त्या काळात..."

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग सासूबाईंना विचारलं, "हे कोण?"

"आमचे जावई," त्या म्हणाल्या, आणि वॉकर पुढच्या कपाटाकडे सरकवला. "येतात सोबत. या, तुम्हाला त्या शिरस्त्राणाचं सांगते."

बाई त्यांच्यामागे गेल्या. मीही गेलो.